वावडिंग चालतं की नाही, ते लेंडीला विचारा

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. व्यवस्थापकीय संचालक, पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, पुणे

विषय: मेंढ्यांच्या जंतांवर वनस्पतींच्या अर्कांचा वापर आणि त्याची चाचणी

महोदय,

मी माणदेशात मेंढरांची डॉक्टरकी करतो. सरकारी नोकरीत नाही, त्यामुळे हे पत्र योग्य मार्गाने पाठवण्याचं बंधन माझ्यावर नाही. म्हणून सरळ उघड्यावरच लिहितो आहे. हल्ली मेंढपाळांच्या कुठल्याही वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, गेलं की लसीच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, जंतावर झाडपाल्याचं कुठलं औषध चांगलं?" कुणाच्या मोबाईलवर व्हिडिओ आलेला असतो, कुणाला मेळाव्यात बाटली मिळालेली असते. कुणाकडे आजोबांपासून चालत आलेली कृती असते. विचारणारा भाबडा नसतो. त्याने बाजारातल्या जंतनाशकाची पांढरी बाटली पाजून पाहिलेली असते आणि तिचा गुण येईनासा झालेला असतो.

मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. वनस्पतीच्या अर्काला जंतनाशक म्हणून मेंढपाळाच्या हातात देणार असाल, तर जंतनाशकाची परीक्षा त्याला द्यायला लावा. ती परीक्षा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत नको, मेंढीच्या पोटात घ्या. त्यासाठी लागणारी मेंढरं, प्रक्षेत्रं आणि माणसं तुमच्याकडे आधीपासून आहेत.

आधी शत्रू कोण ते सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र मेंढपाळही वाचणार आहेत. पावसाळा सरता सरता मेलेली मेंढी बांधावर फाडली आणि तिचं चौथं पोट उघडलं की आतल्या अस्तरावर सुतासारखे बारीक जंत वळवळताना दिसतात. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. मादीचं रक्ताने भरलेलं आतडं आणि पांढरी अंडनळी एकमेकांभोवती पिळलेली असतात, तो लाल-पांढरा पीळ नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. हा हिमोंकस. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो. आकडा क्षुल्लक वाटेल, पण हजार जंत असले तर रोजचे ५० मिलिलिटर होतात. तीस किलोच्या दख्खनी मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्त दोन लिटरच्या आसपास असतं, पुढचा हिशेब कुणीही करावा. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ऊब आणि ओल असली तर आठवड्याभरात अंड्यातून निघालेली अळी गवताच्या पात्यावर चढून बसते, आणि ती पोटात गेल्यापासून तीनेक आठवड्यांत तिची स्वतःची अंडी लेंडीत पडू लागतात. श्रावण-भाद्रपदात हे चक्र किती वेळा फिरत असेल!

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे आमचे लोक हमखास फसतात. जंत म्हटलं की हागवण लागणार, असा सगळ्यांचा समज असतो. हिमोंकस हागवण लावेलच असं नाही. मेंढी चरत असते, लेंडी घट्ट असते. जबड्याखाली पाणी धरतं तेही संध्याकाळी दिसतं आणि सकाळी उतरलेलं असतं. "हागवण न्हाई, काय न्हाई, काल चांगली चरत हुती आन सकाळी उठलीच न्हाई," हे वाक्य मी इतक्या वाड्यांवर ऐकलं आहे की आता फोनवर ऐकलं तरी मी आधी विचारतो, बाकीच्यांच्या पापण्या उलटून बघितल्यात का? पापणी पांढरी असेल तर बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

आता बाजारातल्या औषधांना काय झालं ते. आल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, क्लोसँटेल. नावं बरीच असली तरी गट मोजकेच आहेत आणि जंत त्यातल्या एकेकाला दाद द्यायचा थांबतो आहे. जगात हे नवं नाही. बेन्झिमिडाझोल गटातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, १९६१ मध्ये आलं आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणारा हिमोंकस अमेरिकेत नोंदलाही गेला. आपल्या देशातही संघटित प्रक्षेत्रांवर अशा नोंदी अनेक राज्यांतून झाल्या आहेत. भटक्या कळपांत कमी आढळतं म्हणतात. मला वाटतं भटक्या कळपांत कमी तपासलं जातं.

यात आपला, म्हणजे आम्हा डॉक्टरांचा आणि खात्याचा, वाटा मोठा आहे. शिबिरात कळपाचं सरासरी वजन अंदाजे धरलं जातं आणि सगळ्यांना एकच माप पाजलं जातं. जड मेंढीला ते कमी पडतं. कमी पडलेल्या औषधातून जे जंत वाचतात, त्यांचीच पुढची पिढी. दुसरं म्हणजे वेळापत्रक. "पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा" ही ओळ प्रत्येक घडीपत्रिकेत असते. मे महिन्यात माणची रानं तापून उघडी पडलेली असतात, बाहेर अळी जवळजवळ नसतेच. त्या वेळी सरसकट सगळ्या मेंढ्यांना औषध पाजलं की औषधाला पुरून उरलेले थोडे जंत एवढंच बियाणं मृगाच्या पावसाला शिल्लक राहतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोरड्या उन्हाळ्यात सरसकट औषध पाजण्याची पद्धत होती, आणि प्रतिकारक जंत तिथे याच वाटेने बोकाळले. तिथल्यासारखंच कोरडं रान आपल्याकडे आहे, हे वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

तेव्हा मेंढपाळ झाडपाल्याकडे वळला यात त्याचं काही चुकलं नाही. पळसाच्या बिया, वावडिंग, कडू जिरे, कडुनिंब, सागरगोटा, सीताफळाच्या बिया, ओवा, लसूण यांतलं काही ना काही प्रत्येक वाड्यावर असतंच. पळस आणि वावडिंग हे तर वैद्यकात कृमींवरचे जुने, नावाजलेले उपाय. त्यांना हसण्याचं मला काहीच कारण नाही. हसू येतं ते मापाचं. कृती सांगणारा म्हणतो, "मूठभर पाला वाटून पाजायचा." कुणाची मूठ? पाला कोवळा की जून, ओला की सावलीत वाळवलेला? मेंढी वीस किलोची की चाळीस? एका म्हातारबांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, "गुण येईस्तवर." बाटलीच्या बाबतीत आम्ही डॉक्टरही याहून फार वेगळं वागत नाही, म्हणून मी गप्प बसलो.

वावडिंगाचंच बघा. त्यातलं कामाचं म्हणून जे द्रव्य सांगितलं जातं ते एम्बेलिन. हे एम्बेलिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळतं, तेला-तुपासारख्या स्निग्ध पदार्थात उतरतं. म्हणजे वावडिंग पाण्यात उकळून, गाळून, चोथा फेकून जो काढा मेंढीला पाजला जातो, त्यात नेमकं औषधच फेकून दिलेलं असण्याची शक्यता मोठी. जुने वैद्य वावडिंगाचं चूर्ण देत, ते उगाच नव्हे. व्हिडिओत मात्र काढाच असतो, कारण उकळतं पातेलं छान दिसतं.

अर्क कसा काढला यावर सगळं कसं अवलंबून असतं याचं मोठं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल ज्या दोन शोधांना विभागून मिळालं, त्यातला एक आयव्हरमेक्टिनच्या घराण्याचा, म्हणजे आमच्या जंतांवरचाच. दुसरा मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा, तू यूयू यांचा. त्यांनी जुन्या चिनी ग्रंथातली वनस्पती घेतली, पण गरम करून काढलेला अर्क भरवशाचा निघेना. ग्रंथात पाला गार पाण्यात भिजवून पिळायला सांगितला होता हे ध्यानात आल्यावर त्यांनी कमी तापमानावर ईथरने अर्क काढला आणि औषध हाती आलं. परंपरेचा मान राखायचा तो असा. ग्रंथात काय लिहिलं आहे ते नीट वाचायचं, आणि मग ते खरं ठरतं का ते तपासायचं.

आता मेंढ्यांवर झालेल्या परीक्षांचं सांगतो, कारण आपल्याकडच्या चर्चेत त्या कुणी काढत नाही. स्वित्झर्लंडमध्ये कोकरांना मुद्दाम हिमोंकस आणि ट्रायकोस्ट्राँगायलस या जंतांची लागण करून त्यांच्यावर पाच वनस्पतीजन्य औषधं तपासली गेली. निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. कडुनिंबाच्या बिया, सागरगोट्याच्या बिया, अननसाची पानं, कडू जिरे आणि वावडिंग यांचं मिश्रण, आणि पाचवा पित्तपापडा. अननस सोडला तर सगळा आपल्याच काष्ठौषधीच्या दुकानातला माल! पहिल्या चारांचा म्हणण्याजोगा गुण आला नाही. पित्तपापड्याच्या अल्कोहोलमिश्रित अर्काने मात्र लेंडीतली अंडी शंभर टक्के उतरली, आणि पोटात हिमोंकसचे प्रौढ जंत ७८ टक्क्यांनी कमी भरले. मी हे वाड्यावर सांगतो तेव्हा लोक विचारात पडतात. ज्याच्यावर भरवसा होता ती वावडिंगाची जोडी नापास आणि जंतांसाठी कुणी फारसं विचारत नव्हतं तो पित्तपापडा पास. हे घरी बसून कुणाला ओळखता आलं असतं?

यावरून वावडिंग निकामी असा निकाल मी देत नाही. त्या पद्धतीने काढलेलं, त्या मात्रेत, त्या कोकरांत चाललं नाही, एवढंच त्यातून कळतं. वेगळ्या तऱ्हेने काढलं तर चालेलही. ते पाहण्यासाठी कुणीतरी पुन्हा मेंढीपर्यंत जायला हवं.

पपईची गोष्टही अशीच. अमेरिकेत शेळ्यांच्या करडांवर आणि कोकरांवर लसूण आणि पपई वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आला की दोन्हींनी जंत आटोक्यात येत नाहीत. दोनच वर्षांनी ब्रिटिश संशोधकांनी पपईच्या चिकापासून केलेलं औषध हिमोंकस झालेल्या मेंढ्यांना दिलं आणि ते चांगलं लागू पडलं. चिकातली प्रथिनं पचवणारी विकरं जंताची कातडीच खाऊन टाकतात. झाड तेच, पण एका रूपात औषध आणि दुसऱ्या रूपात नुसती पपई. "पपई जंतावर चालते का?" या प्रश्नाला म्हणून सरळ उत्तरच नाही. कुठला भाग, कसा काढलेला, किती, किती वेळा, हे विचारल्यावाचून प्रश्न पुरा होत नाही.

कडुनिंबाबद्दल बोलायला मी जरा कचरतो, कारण त्याच्यावर लोकांची श्रद्धा आहे. ब्राझीलमध्ये त्याच्या अर्काने प्रयोगशाळेत जंतांची अंडी जवळजवळ सगळी उबवायची थांबली. तिथेच मेंढ्यांना वाळलेला कडुनिंबाचा पाला चारून पाहिला तर लेंडीतल्या अंड्यांवर परिणाम दिसला नाही. बशीत जंत अर्कात बुडलेला असतो. मेंढीत आधी रवंथाचं पोट लागतं, पाच-सात लिटरचं, कोट्यवधी सूक्ष्मजीवांनी भरलेलं, येईल ते फोडून पचवणारं. त्यातून निभावून जे चौथ्या पोटात पोचेल तेवढंच औषध. आपल्या विद्यापीठांतून पदव्युत्तर प्रबंध निघतात त्यातले बरेचसे बशीपाशीच थांबतात. दोष विद्यार्थ्याचा नाही. दोन वर्षांत, तुटपुंज्या पैशात, लागण झालेल्या चाळीस-पन्नास मेंढ्या तो आणणार कुठून? पण बशीतला निष्कर्ष बाटलीच्या कागदावर "जंतांवर सिद्ध" म्हणून छापून येतो, तेव्हा ते कुणी थांबवायचं?

कायद्याची बाजूही त्यातलीच. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर जनावरांचीही औषधं येतात. त्या परवान्यावर विकल्या जाणाऱ्या जंतनाशकाच्या बाटलीवर घटकांची यादी असते: वावडिंग अमुक मिलिग्रॅम, पळस तमुक. पण त्यात कामाचं द्रव्य किती उतरलं, आणि मेंढीच्या लेंडीतली अंडी किती टक्क्यांनी घटतात, हे शोधूनही सापडत नाही. आल्बेंडाझोलच्या बाटलीवर निदान मात्रा असते आणि तिची जबाबदारी कुणाची तेही ठरलेलं असतं. खात्याच्या खरेदीत किंवा योजनेच्या किटमध्ये जर अशी बाटली जाणार असेल, तर मेंढ्यांतल्या चाचणीचा अहवाल जोडल्याशिवाय निविदा उघडू नका. यासाठी नवा कायदा लागत नाही, निविदेत एक अट घातली की झालं.

"झाडपाल्याने नुकसान तर होत नाही ना" हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे. होतं. कण्हेर झाडपालाच आहे. घाणेरी खाल्लेल्या मेंढीचं यकृत बिघडून उन्हात कातडी सोलवटते, तीही झाडपालाच. सीताफळाच्या बिया किती जहाल ते पूड डोळ्यात गेलेल्या माणसाला विचारा. पूर्वी जंतांवर मोरचुदाचं आणि तंबाखूचं पाणी पाजत; आपल्याकडेच नाही, परदेशांतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेच चाले. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि मेंढीला तांबं फार सोसत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी काळीलाल होऊन मेंढी जाते. तरीही काही वाड्यांवर मोरचूद अजून आहे, आणि आता त्यात चार पानं घातली की त्याला 'आयुर्वेदिक' म्हणतात. शिवाय उघड विष नसलं तरी न चालणारं औषध विषासारखंच काम करतं: पांढऱ्या पापणीच्या मेंढीचे आठ दिवस त्यात गेले की नवव्या दिवशी तिला वाचवायला माझ्याकडेही काही नसतं.

एक गोष्ट मात्र मला फार आशेची वाटते, आणि ती बाटलीत भरून विकता येत नाही. टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेला चारा. परदेशात लेस्पेडेझा, सेनफॉइन असल्या वनस्पती चारून जंतांची अंडी घटतात हे मेंढ्या-शेळ्यांत पुनःपुन्हा दिसलं आहे. काही टॅनिनं जंताला थेट त्रास देतात. शिवाय चाऱ्यातलं प्रथिन पोटात वाया जाऊ न देता पुढे पोचवतात, त्यामुळे मेंढीची ताकद टिकते. आपल्याकडे बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत पेरू आणि वडाच्या कुळातल्या झाडांच्या पाल्यावर या दिशेने काम झालं आहे. माणदेशात बाभूळ आहे. उन्हाळ्यात आकडीने शेंगा पाडून मेंढरांना घालणं हे आमच्या लोकांचं पिढ्यानपिढ्यांचं काम. त्या शेंगांत टॅनिन भरपूर असतं. पण कुठलं टॅनिन, किती शेंगांपर्यंत जंताला त्रास आणि किती शेंगांनंतर मेंढीच्याच पचनाला, ही रेघ दख्खनी आणि माडग्याळ मेंढ्यांसाठी कुणीतरी आखून द्यायला हवी. तो प्रयोग करायला खर्च तो किती! शेंगा फुकट, मेंढरं तुमची.

वावडिंगाबाबत आणखी एक धोका सांगून ठेवतो. खऱ्या वावडिंगाची वेल सह्याद्रीच्या जंगलात मिळते, आणि अति तोडीने ती आधीच आटत चालली आहे. बाजारात वावडिंग म्हणून जे येतं त्यात दुसऱ्याच जातीची फळं सर्रास असतात. महाराष्ट्रात मेंढ्या आहेत २७ लाखांच्या घरात. उद्या खात्याने वर्षातून दोनदा वावडिंग पाजण्याचं फर्मान काढलं, तर आधी जंगल उघडं पडेल आणि मग मेंढ्यांच्या पोटात भेसळ जाईल. पळसाचं तसं नाही. तो माळावर, बांधावर भरपूर आहे, शिमग्याला फुलतो आणि उन्हाळ्यात शेंगा गळतात. निवड करायचीच तर जी वनस्पती मुबलक आहे तिच्यापासून सुरुवात करा, एवढं व्यवहारज्ञान योजनेत असावं.

आता काय करावं ते.

महामंडळ १९७८ पासून आहे. रांजणी, महूद, दहिवडी ही तुमची प्रक्षेत्रं थेट मेंढपाळांच्या मुलखात आहेत. तिथे पावसाळ्यात नैसर्गिक लागण झालेल्या मेंढ्यांचे तीन गट करा, प्रत्येकात किमान दहा-पंधरा. एकाला काहीच नाही, एकाला नेहमीचं औषध वजन करून, एकाला अर्क. अर्क कोणता, कुठल्या भागाचा, कुठल्या महिन्यात गोळा केलेला, कशात काढलेला, सगळं लिहून. पहिल्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी प्रत्येक मेंढीची लेंडी थेट गुदद्वारातून घ्यायची; जमिनीवरची नको, ती कुणाची ते सांगता येत नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणात लेंडी कालवली की अंडी वर तरंगतात, मॅकमास्टरच्या चौकोनी काचेत ती मोजता येतात. सूक्ष्मदर्शक, मीठ, गाळणी आणि ती काच, एवढाच सरंजाम. सोबत वजन आणि पापणीचा रंग. काहीच न दिलेल्या गटात ज्यांची पापणी पांढरी पडेल त्यांना लगेच औषध द्यायचं आणि त्यांची नोंद वेगळी ठेवायची. प्रयोगासाठी मेंढी मारायची नसते. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय दहिवडीच्याच जिल्ह्यात, साताऱ्यात, आहे. परजीवीशास्त्राची माणसं तिथे आहेत.

यात नेहमीचं औषध घेणारा गटही तितकाच महत्त्वाचा आहे, हे मुद्दाम सांगतो. चौदाव्या दिवशी तिथली अंडी ९५ टक्क्यांनी घटली नसतील, तर आपण वर्षानुवर्षं वाटत आलेल्या बाटलीचाही निकाल लागलेला असेल. हा निकाल खात्याला आवडणार नाही म्हणून तो गट गाळू नका.

आणि जे उपाय नापास होतील तेही छापा, मराठीत, एका पानावर. "पळसाच्या बियांचा अमुक अर्क, अमुक मात्रा, दहिवडी: उपयोग नाही." पास झालेल्यांची जाहिरात करायला कंपन्या आहेत. नापास झालेल्यांची यादी सरकारशिवाय कोण देणार? मेंढपाळाचे पैसे त्या यादीनेच वाचतील.

परीक्षा होईपर्यंत वाड्यांवर काय करायचं, हे तुम्ही विचाराल. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान यांनी पापणीच्या रंगाचं पाच खणांचं कार्ड तयार केलं, लालबुंद ते पांढरं. फॅमाचा म्हणतात त्याला. पापणी फिकट असेल त्याच मेंढीला औषध, बाकीच्यांना नाही. कळपातले बहुतेक जंत थोड्या मेंढ्यांतच असतात, तेव्हा औषध वाचतं आणि औषधाला दाद देणारे जंतही रानात शिल्लक राहतात. आमच्या बायका रोज संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं पाजायला लावतात, एकेक मेंढी त्यांच्या हाताखालून जाते. पापणी बघायला त्यांच्याइतकं योग्य माणूस कोणी नाही. प्रशिक्षण पुरुषांना बोलावून सभागृहात देऊ नका, वाड्यावर या. १९६२ वर फोन केला की येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या गाडीत हे कार्ड आणि ती मोजायची काच असायला हरकत नसावी.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत दख्खनी मेंढीचा बंगालच्या गरोळ जातीशी संकर झाला. लोकांना त्यातून आलेली जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' माहीत आहे. त्याच कामात गरोळच्या संकरांत जंतांचा प्रतिकार जास्त दिसला, हे फारसं कुणी सांगत नाही. मेंढा निवडताना त्याच्या आईची जंतांची नोंद बघायची सवय आपण लावली, तर निम्मी लढाई औषधाविना होईल. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

"तुम्ही वर्षभर मोजत बसाल, तोवर आमची मेंढरं मरतील," असं मला एका मेंढपाळाने तोंडावर सांगितलं. त्याचा राग खोटा नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून मेंढ्या मिळाल्या, पहिल्याच पावसाळ्यात त्यातल्या काही गेल्या, आणि त्याला वाटतं की सरकार मेंढी देतं पण तिच्या पोटातल्या जंताचं काही करत नाही. पण मी मागतो आहे ते वर्षभराचं काम नाही. दिवाळीनंतर कोकणात आणि उसाच्या पट्ट्यात उतरलेले वाडे मृगाच्या आधी माणमध्ये परततात. जुलैअखेरीस लागण वाढू लागते. एका प्रक्षेत्रावर ऑगस्टात गट पाडले, तर घटस्थापनेपर्यंत दोन वनस्पतींचे निकाल हातात असतील. सुरुवातीला पळस आणि पित्तपापडा घ्यावेत असं मी सुचवीन: पहिला इथे मुबलक आहे, दुसऱ्याने एकदा मेंढीत गुण दाखवला आहे. पित्तपापडा घेताना मात्र वनस्पतीशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या. दुकानात त्या नावाने निरनिराळ्या वनस्पती मिळतात.

माझ्याकडच्या वाड्यांपैकी जे तयार आहेत त्यांची यादी, त्यांच्या मेंढ्यांची अंदाजे संख्या आणि चराईचा मार्ग यांसह, मी खात्याच्या तालुका कार्यालयात या महिन्याअखेर देतो. त्यांची एकच अट आहे: लेंडीचा निकाल काय आला ते त्यांना फोनवर सांगायचं, आणि निकालाचा कागदही द्यायचा.

आपला,
माणदेशातला एक पशुवैद्यक